हाताला बसणारा कॅमेरा

१० सप्टेंबर १९९८, गुरुवार. ढगाळ, वारा नाही.

आज दोनदा खोटं बोलले. दोन्ही वेळचं इथे लिहून ठेवते, नाहीतर आठवडाभरात ते मलाच खरं वाटायला लागेल.

नर्सने तेइजींना रक्ततपासणीसाठी खालच्या मजल्यावर पाठवलं आणि मला म्हणाली, "होरिउचीबाई, तुम्ही तेवढ्यात जरा आत या." डॉक्टरांच्या खोलीत एकच खुर्ची मांडलेली होती. ती बघूनच मी ओळखायला हवं होतं. कॅन्सर. जठराचा, आणि यकृतापर्यंत पोचलेला. १२ ऑक्टोबरला दाखल करायचं, उघडून बघायचं, निघेल तेवढं काढायचं. "पुढच्या उन्हाळ्याबद्दल मी काही बोलू शकत नाही," असं ते म्हणाले. मग म्हणाले, "यजमानांना काय सांगायचं ते घरच्यांनी ठरवा. आम्ही तसंच बोलू." पडद्यांना कुठला रंग हवा असं विचारावं, तशा आवाजात.

तिथल्याच सार्वजनिक फोनवरून मी थोरल्या दिरांना फोन केला. ते क्षणभरही थांबले नाहीत. "सांगायचं नाही. वडिलांना तरी कुठे सांगितलं होतं? शेवटपर्यंत आशेवर राहिले. अल्सर म्हण, मोठा अल्सर." सासरे शेवटच्या महिन्यात खोलीत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायचे, ते मला आठवत होतं. ते मी दिरांना म्हटलं नाही. मी हो म्हणाले.

पहिलं खोटं जिन्यात. "अल्सर आहे म्हणे. मोठा आहे, कापावा लागेल."

"म्हणजे तुझ्या लोणच्यांवर बंदी आली," तेइजी म्हणाले.

दुसरं खोटं बसमध्ये. "चिनात्सुच्या क्रीडादिनासाठी यंदा व्हिडिओ कॅमेरा घेऊ या का?"

ते खिडकीबाहेर बघत होते. वळून माझ्याकडे बघत राहिले. मुलगी झाल्यापासून आम्ही एकमेकांना आई-बाबाच म्हणतो. चार वर्षं तेच दर शरद ऋतूत कॅटलॉग घेऊन येत आणि मी दरवर्षी म्हणायचे, डोळ्यांनी बघितलेलं पुरतं. "आई, हे तू म्हणतेयस?"

"आता डिजिटल आलेत ना," मी म्हणाले. डिजिटल म्हणजे काय ते मला नीट सांगताही येणार नाही.

"बरं," ते म्हणाले. 

खरं कारण असं. आमचे अकरा अल्बम आहेत आणि त्यात ते जवळजवळ नाहीतच. फोटो नेहमी त्यांनी काढले. चिनात्सु नऊ वर्षांची आहे. बाबा बूट काढताना एका हाताने भिंत कशी धरतात, विचार करताना मान कशी चोळतात, हे ती किती दिवस लक्षात ठेवेल? शस्त्रक्रियेनंतर सासरे ओळखू येत नव्हते. मला तेइजी आजचे हवेत. हातात बत्तीस दिवस आहेत.

१३ सप्टेंबर, रविवार. ऊन.

जेवणाच्या टेबलावर सात कॅटलॉग. तेइजी भूमापक आहेत. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की जमिनीची मोजणी करावी तशी घेतात. आधी वर्तमानपत्र पसरून आठवड्याच्या पेन्सिली चाकूने तासल्या. त्यांच्या पेन्सिली कडक शिशाच्या, सुईसारख्या टोकाच्या. मग चौकटीच्या कागदावर तक्ता आखला: वजन, भिंग, झूम, बॅटरी, हात हलला तर चित्र स्थिर ठेवायची सोय.

मला मोठ्या भिंगाचा हवा होता. दुकानदार त्याला खांद्याशी धरायचा कॅमेरा म्हणतात. चेहऱ्याच्या बारीक रेषासुद्धा येतात असं कॅटलॉगात लिहिलंय.

"कुणाच्या चेहऱ्याच्या रेषा?" त्यांनी विचारलं. "चिनात्सुला एकही नाही."

"दुरून धावताना नीट दिसली पाहिजे."

"त्याला झूम लागतो. झूम सगळ्यांना आहे." त्यांनी खोडरबर फुंकला. "एका क्रीडादिनासाठी एवढं?"

"नंतरही वापरू की."

"कोण वापरेल?"

मी चहाचं पाणी बघायला उठले. पाणी अजून तापायला ठेवलंच नव्हतं.

मी कॅमेरा घेतेय की त्यांच्याकडून काहीतरी चोरतेय? माणसाला न सांगता त्याचं चित्र काढून ठेवणं हे काय आहे? ते आपल्या शेवटच्या चांगल्या दिवसांत आहेत हे त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणजे तरी कोण? मी, दीर, डॉक्टर, आणि डोळे चुकवणारी ती नर्स.

१७ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी थोडा पाऊस.

ग्रंथालयात माझी पाळी सकाळची असते, एक वाजेपर्यंत. आज वैद्यकशास्त्राचं कपाट लावायला घेतलं. सोमवारी उभ्याउभ्या वाचून ठेवलेलं पोटाच्या विकारांचं पुस्तक पुन्हा काढलं. पान १८७, आजार यकृतात पोचल्यानंतर किती माणसं किती महिने जगतात त्याचा तक्ता. सोमवारी तो कोरा होता. आज एका आकड्याशेजारी पेन्सिलीची बारीकशी खूण होती.

म्हणजे या गावात आणखी कुणीतरी तेच पान वाचतंय. चार दिवसांच्या आत, इथेच, बहुधा दुपारच्या वेळी. कुणाची बायको असेल, की मुलगा? त्या अनोळखी माणसाविषयी मला इतकी माया वाटली की मी काही वेळ तिथेच खाली बसून राहिले. मग नियमाप्रमाणे खूण खोडली. सार्वजनिक पुस्तकावर खुणा चालत नाहीत. नीट खोडली, भुगा झटकला. पण शिसं कडक असावं, कागदावर खाच राहिलीच. बोट फिरवलं की लागते.

२० सप्टेंबर, रविवार. स्वच्छ.

हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात स्वस्त मिळाला असता. पण आमच्या घरातला प्रत्येक दिवा गल्लीतल्या विजेच्या दुकानाच्या कुवाबारांनी लावलेला. चिनात्सु जन्मली त्या आठवड्यात धुलाईयंत्र पाठीवर घेऊन तेच जिना चढले होते. दुसरीकडून घेतलं असतं तर मला त्यांच्या दारावरून जाता आलं नसतं.

कुवाबारांनी दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक माझा, मोठ्या भिंगाचा. दुसरा उभा, तळहातावर मावणारा, बाजूला उघडणारा छोटा पडदा असलेला. किंमत जवळजवळ सारखीच, दोन लाख येनच्या आसपास.

"होरिउचीसाहेब, तुमच्या हाताला हा मोठाच," कुवाबारा म्हणाले. "रानात यंत्रं वाहणारा माणूस तुम्ही. हा लहान म्हणजे बाईमाणसाचं खेळणं."

"आई, धर बघू," तेइजी म्हणाले.

मी मोठा धरला. मनगट वाकलं. त्यांनी घड्याळ लावलं. खरोखर लावलं. दीड मिनिटात माझा हात थरथरायला लागला. "आता हा." लहान कॅमेऱ्याचा पट्टा त्यांनी माझ्या बोटांवर आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. "अंगठा लाल बटणापर्यंत पोचतो का? न बघता दाब. पुन्हा."

"अहो, शूटिंग तुम्ही करणार ना?" कुवाबारा हसले. "का बाईंना कामाला लावताय?"

"मी काय, आज आहे उद्या साइटवर," तेइजी म्हणाले. "आईच्या हाताला बसला पाहिजे."

मग विचारलं, "टेप किती वर्षं टिकते?"

"नीट ठेवली तर वीस. पंचवीससुद्धा."

"चिनात्सु चौतीस वर्षांची होईपर्यंत," ते म्हणाले आणि ते चौकटीच्या कागदावर टिपलं. काहीही टिपतात. "आणि त्यानंतर?"

"डिजिटल आहे साहेब, दुसऱ्या टेपवर उतरवून घ्यायचं. कणभर फरक पडत नाही. जुन्या टेपसारखं फिकट होत जात नाही."

"ऐकलंस ना, आई? उतरवून घ्यायचं."

मला वाईट वाटलं ते हे, की मोठं भिंग गेलं. त्यांच्या चेहऱ्यासाठीच हवं होतं आणि तेच मी तिथे बोलू शकत नव्हते. लहान कॅमेरा, तिवई, सहा टेपा. कुवाबारांनी बॅटरी भेट दिली. "एक जास्तीची. ऐन वेळी संपते बघा."

२३ सप्टेंबर, बुधवार, विषुवदिनाची सुट्टी. दमट.

या दिवशीच्या रिवाजाप्रमाणे सासऱ्यांच्या थडग्यावर जाऊन आलो. कॅमेरा नेला होता. तेइजींनी तो सोडलाच नाही. थडगं, उदबत्ती, चिनात्सु पाणी ओततेय, मी फुलं लावतेय. आणि सबंध वेळ तोंड चालू. रानात मोजणी करताना हे यंत्राला डोळा लावून आकडे मोठ्याने बोलतात, मदतनीस लिहून घेतो. ती पंचवीस वर्षांची सवय. "दहा वीस. आकाश पांढरं. उतार डावीकडे. आई दुसऱ्या पायरीवर."

"बाबा, सगळं टेपवर येतं ना ते," मी म्हणाले. "चित्र बिघडतं."

"बोललं नाही तर मला दिसत नाही," ते म्हणाले.

"द्या इकडे, मी तुमचं घेते."

"माझं काय घ्यायचं? हे डोकं बघ, परवाच केस कापलेत." आणि पुन्हा भिंग माझ्याकडे.

दीरही आले होते. तेइजी नेहमीचे दोन पेले साके, तांदळाची दारू, तीही प्यायले नाहीत. "अल्सर," असं दिरांना म्हणाले. दिरांनी माझ्याकडे बघितलं. मी फुलांची देठं कापत राहिले.

२७ सप्टेंबर, रविवार. ऊन.

तेइजी आता रजेवर आहेत. दुपारी आतल्या खोलीत आडवे होतात. ते झोपले की मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर टेपा बघते, आवाज पूर्ण बंद करून, नाहीतर त्यांना कळेल मी काय करतेय. ग्रंथालयातली सवय म्हणून प्रत्येक टेपचं कार्ड केलंय. पहिली टेप, साठ मिनिटं. चिनात्सु चाळीस. मी सोळा. बाबा: जिन्यावर सावली, आठ सेकंद. दुसरी टेप. बाबा: दुधाच्या किटलीत प्रतिबिंब, नाक मोठं, तीन सेकंद.

अकरा सेकंद. पंधरा दिवस उरले.

आज मी एकदा चोरून घेतलं. ते गॅलरीत मोजे वाळत घालत होते. कार्ड करायला बघितलं तर खिडकीच्या पडद्याची शिवण आणि माझा अंगठा. त्यांना कळलं असावं. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "ये, शिकवतो," आणि तासभर मला शिकवलं. तिवईचे पाय उतारावर कसे लावायचे, उजेड पाठीमागे कसा ठेवायचा, टेपच्या कडेची छोटी कळ कशी सरकवायची म्हणजे चुकून वर दुसरं काही उमटणार नाही. एवढ्या चिकाटीने त्यांनी मला गाडी चालवायलाही शिकवलं नव्हतं. मला राग येत होता. शिकवण्यात दिवस जातायत.

४ ऑक्टोबर, रविवार. निरभ्र. क्रीडादिन.

तेइजी पहाटे जाऊन जागा धरून आले, निळी ताडपत्री अंथरून. मी म्हणाले होते जाऊ नका. कॉफीच्या डब्याने कोपरा दाबलेला दाखवून म्हणाले, अंतिम रेषेपासून सव्वाअकरा मीटर.

माझा सगळा बेत मुलांच्या वडिलांच्या रस्सीखेचीवर होता. त्यात ते उतरतील, तिवई लावलेली आहे, मी फक्त लाल बटण दाबायचं. घोषणा झाली तेव्हा ते उठलेच नाहीत.

"जा ना, बाबा. पांढऱ्या गटाला माणसं कमी आहेत."

"अल्सरवाल्याला दोर ओढायला लावतेस?"

"नुसते उभे राहा. दोराला हात लावून."

"नुसता हात लावणारे फार झालेत तिकडे." ते डोळा भिंगाला लावून होते. शेजारच्या ताडपत्रीवरच्या बाई हसल्या. "आमचे पण असेच. पोराच्या लग्नातही कॅमेऱ्यामागेच असणार." मी हसले. डबा उघडला, तळलेलं चिकन, गुंडाळलेलं अंडं, भाताचे गोळे. त्यांनी अर्धा गोळा खाल्ला, उरलेला रुमालात गुंडाळून ठेवला, मी बघत नाही असं समजून. चिनात्सु शर्यतीत तिसरी आली. पांढरा गट हरला.

डबा धुताना वाटलं, आज त्यांना ढकलायला हवं होतं. मग वाटलं, मी माणसाला मैदानात ढकलू बघतेय ते माझ्या कार्डावरची मिनिटं वाढावीत म्हणून.

६ ऑक्टोबर, मंगळवार. पाऊस.

आज सरळ विचारलं. "एकदा, पाच मिनिटं, या खुर्चीत बसा. काही बोलू नका. मी घेते."

"घाई काय आहे?" ते म्हणाले. आवाज शांत होता, पण माझ्यावरून नजर काढली नाही. "अल्सर काढला की बसतो."

मी उठले. ताटल्या उचलल्या. हातातून एक सुटली, फुटली नाही.

रात्री जेवताना चिनात्सु म्हणाली, "बाबा कॅमेऱ्याशी एकटेच बोलतात. मी आले की गप्प बसतात."

"आकडे वाचतात ते," मी म्हणाले.

"आकडे नाहीत."

"भाजी संपव," तेइजी म्हणाले.

सहा दिवस. अकरा सेकंद.

७ ऑक्टोबर, बुधवार. पाऊस थांबला.

क्रमाने लिहिते.

ते कचेरीत कामं सोपवायला गेले. चिनात्सु शाळेत. मी क्रीडादिनाची टेप पहिल्यांदाच टीव्हीला जोडली. पिवळी, पांढरी, लाल वायर, त्यांनी शिकवलं होतं त्याच क्रमाने. आणि घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून आवाज चालू ठेवला.

खोली त्यांच्या आवाजाने भरून गेली.

माइक कॅमेऱ्याच्या तोंडाशीच असतो. मैदानातला आरडाओरडा दूर कुठेतरी, आणि ते कानाशी. श्वाससुद्धा. "नऊ चाळीस. आकाश स्वच्छ. पांढऱ्या टोप्यांत डावीकडून चौथी, चिनात्सु. बुटाची नाडी सुटलीय. नाही, बांधलीय." मग भिंग माझ्याकडे वळलं. मी टाळ्या वाजवतेय. आवाज खाली आला. "हिसाएचं घड्याळ सकाळपासून उलटं आहे. सांगणार नाही. छान दिसतंय."

चिनात्सु झाल्यापासून मी या घरात आई आहे, ते बाबा. नऊ वर्षांत माझं नाव या आवाजात मी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने, रस्सीखेचीच्या गोंगाटाखाली, जवळून, कुजबुजत:

"हिसाए, हे ऐकशील तेव्हा तू एकटी असशील. टेपा वर्षातून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून ठेव, म्हणजे चिकटत नाहीत. कुवाबारा सांगायला विसरले." लोकांचा ओरडा. "दहा पंचावन्न. पांढरे हरणार. तू मला तिकडे उभं करायला बघतेयस, ते कळतंय मला. पण माझं सोंग मलाच बघवणार नाही, तुला काय बघवेल? तू इकडून दिसतेस तेवढं मी बोलून ठेवतो." मग शिट्टी. "पान १८७. वडिलांनाही आपण खरं सांगितलं नव्हतं, म्हणून ते पान काढलं. मी पुन्हा गेलो होतो बघायला. खूण खोडलेली होती. भुगासुद्धा ठेवला नव्हता. एवढं नीट या गावात कोण खोडतं, ते मला ठाऊक आहे. मग म्हटलं, हिला आता हे एवढं नीट लपवता येतंय, तर राहू दे. तिचं ओझं मी कशाला काढून घेऊ. पण ते चुकलं असेल माझं. अकरा वाजून दोन. उतार नाही. वारा पश्चिमेचा."

कडक शिशाची पेन्सिल. रविवारची वर्तमानपत्रं. मी त्या अनोळखी माणसाची कीव करत खाली बसले होते.

पहिल्या दोन टेपाही लावल्या. सगळीकडे ते आहेत. एकशेवीस मिनिटांत जेमतेम दहा मिनिटं गप्प. माझी कार्डं चुकली होती.

साडेतीनला दाराचा आवाज झाला. वायरी काढून कोरी टेप आधीच घालून ठेवली होती. मी कॅमेरा उचलला, पट्टा चढवला, अंगठा न बघता लाल बटणावर. ते दारात, एका हाताने भिंत धरून बूट काढत होते.

"आलो."

"या."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आतल्या खोलीतल्या टीव्हीकडे बघितलं. त्याला तिन्ही वायरी अजून लोंबकळत होत्या, शेजारी टेपा. एक बूट हातातच राहिला.

"ऐकलंस?"

"हो."

"कुठपर्यंत?"

"वारा पश्चिमेचा, तिथपर्यंत."

त्यांनी बूट खाली ठेवला, दुसऱ्याशेजारी, टोकं दाराकडे करून. मान चोळली. मी कॅमेरा खाली घेतला नाही. 

"हिसाए," ते म्हणाले, "भिंगाचं झाकण काढ आधी."

८ ऑक्टोबर, गुरुवार. ऊन.

नर्स म्हणाली, "होरिउचीसाहेब, तुम्ही रक्ततपासणीला चला. बाईंना डॉक्टर जरा आत बोलावतायत."

"रक्त कुठे पळून जात नाही," तेइजी म्हणाले. "आधी आम्ही दोघं."

नर्स माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. दिरांना मी सकाळी फोन केला होता. ते रागावले आहेत, पण सोमवारी दाखल करताना येणार आहेत.

खोलीत एकच खुर्ची होती. त्यांनी बाहेरून दुसरी उचलून आणली, माझ्या खुर्चीला लावली, दोन्ही एका रेषेत आहेत का ते जरा मागे सरून बघितलं, आणि मग बसले.